गाडीतलं काळं तेल नंतर जातं कुठे? बडोद्यातल्या एका गॅरेजबद्दल

आधी पैशांचं सांगते, कारण बडोद्यात कुठल्याही गॅरेजबद्दल पहिला प्रश्न तोच येतो. स्कूटरचं ऑइल बदलायला इथे बाहेरपेक्षा तीस-चाळीस रुपये जास्त पडतात, कारला शंभरेक. बिलावर ती रक्कम वेगळ्या ओळीत असते: वापरलेलं तेल, फिल्टर आणि चिंध्या यांची विल्हेवाट. माझ्या नणंदेने ते वाचून तिथल्या तिथे हुज्जत घातली. "जुनं तेल आमच्याच गाडीतलं, ते तुम्ही विकणार, आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे?" प्रश्न बिनतोड होता. मालकाने वही काढून दाखवली. दारावर येणारा भंगारवाला जळक्या तेलाला जो भाव देतो, त्यापेक्षा नोंदणी असलेला रिसायकलर बराच कमी देतो. तेलाने माखलेल्या चिंध्या आणि फिल्टर घ्यायला तर कोणी पैसे देतच नाही, उलट आपल्यालाच मोजावे लागतात. नणंद म्हणाली, "मग द्या की भंगारवाल्याला!" तर हा माणूस देत नाही, आणि एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

गॅरेज मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, मागच्या अंगाला, कांसाच्या काठी आहे. कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला. नाव लिहीत नाही. "काकू, एकदम गर्दी झाली तर हे सगळं सांभाळणं मला झेपणार नाही," असं तोच म्हणाला. आजूबाजूला 'हातमोजेवाला' कुठे म्हणून विचारा, दाखवतात. मालक तिशीतला, मराठी, डिप्लोमा केलेला. वडिलांचं गॅरेज याने चालवायला घेतलं आणि वडील आता खुर्चीवर बसून याच्या खर्चाला नावं ठेवतात.

माझी नजर अशा गोष्टींवर का जाते तेही सांगून टाकते. नोकरीभर मी नंदेसरीकडच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या लॅबमध्ये होते. काम रोजचं तेच. पाण्याचा नमुना घ्यायचा, आम्ल घालायचं, सेपरेटिंग फनेलमध्ये हेक्झेनबरोबर, म्हणजे तेल ओढून घेणाऱ्या द्रवाबरोबर, हलवायचं, थर वेगळे होईपर्यंत थांबायचं, खालचं पाणी सोडून द्यायचं, वरचं हेक्झेन उडवायचं आणि भांडं काट्यावर ठेवायचं. भांड्याच्या तळाशी जी तपकिरी कड उरते ते 'तेल आणि ग्रीस'. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात ते लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवं, सार्वजनिक गटारात २० च्या. आता हिशोब करा. एक लिटर इंजिन ऑइलचं वजन साधारण ८७० ग्रॅम. ते कांसात ओतलं आणि १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आणायचं म्हटलं, तर ८७,००० लिटर स्वच्छ पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. एका कारमधून एका वेळी तीनेक लिटर तेल निघतं. आणि आपला कांस विश्वामित्रीला मिळतो, विश्वामित्री पुढे ढाढरला, ढाढर खंभातच्या आखाताला.

याआधी मी ज्या गॅरेजमध्ये जात होते तिथे जळकं तेल पत्र्याच्या डब्यात भरून सेंटरिंगवाल्यांना जायचं. स्लॅबच्या प्लेटांना सिमेंट चिकटू नये म्हणून ते फासतात. उरलेलं वीटभट्टीवाला जाळायला नेतो. कोणाला यात काही गैर वाटत नाही. जूनच्या तोंडावर तर हौसेने विचारतात, "गाडीच्या खालून बळेलं (जळकं) ऑइल मारून देऊ? गंज नाही लागणार." पहिल्या जोरदार सरीत ते सगळं रस्त्यावर उतरतं. जळक्या तेलात काय असतं? पिस्टनपाशी अर्धवट जळालेल्या इंधनातले बहुचक्री हायड्रोकार्बन, झिजलेल्या भागांतले धातूचे कण, झीज रोखायला मुद्दाम घातलेलं जस्त. यातली काही संयुगं कॅन्सरला कारण होतात. नवं तेल आणि जुनं तेल दिसायलाच वेगळं नसतं, ते वेगळंच रसायन असतं.

मधल्या काळात एका मोठ्या, एसीवाल्या सर्व्हिस सेंटरलाही जाऊन पाहिलं. कॉफी उत्तम. भिंतीवर हिरवं पान आणि निसर्गाशी असलेल्या बांधिलकीबद्दल चार ओळी. मी सल्लागाराला विचारलं की माझ्या गाडीतून निघालेलं तेल कुठे जातं. तो म्हणाला, "व्हेंडर घेऊन जातो, मॅडम." कोण व्हेंडर? मॅनेजरला विचारा. मॅनेजर म्हणाला, हेड ऑफिसला मेल करा. मेल केला. अजून उत्तर नाही. तिथे तेल चुकीच्या ठिकाणी जातं असं माझं म्हणणं नाही. कदाचित सगळं नियमानेच होत असेल. पण चार माणसांना विचारूनही उत्तर मिळत नसेल, तर ती बांधिलकी फक्त भिंतीपुरती आहे.

हातमोजेवाल्याकडे हाच प्रश्न विचारला तर तो काही न बोलता फाइल घेऊन आला.

फाइल बघून मला माझी जुनी लॅब भेटल्यासारखं झालं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल पहिल्या परिशिष्टात आहे, नोंद क्रमांक ५.१. ते हलवताना नमुना १० ची चलनं लागतात, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी प्रदूषण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, केशरी वाहतूकदाराकडे, असं ते चालतं. यातली निळी महत्त्वाची. माल जिथे पोचायचा तिथे पोचला की घेणारा सही करून निळी प्रत पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. नुसती पिवळी फाइलला असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ट्रक तुमच्या दारातून निघाला. पुढे तो नंदेसरीला रिसायकलरकडे गेला की एखाद्या भट्टीवर, ते पिवळी सांगत नाही. याच्याकडे निळ्या होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. एक नव्हती, आणि तिच्या जागी त्याने पेन्सिलीने 'फोन केला' असं लिहून ठेवलं होतं. ते वाचून माझा जास्तच विश्वास बसला.

कामाची पद्धतही बघण्यासारखी आहे. तेल उतरवायची परात, तिच्यावर जाळी. तेलाचं पीप वेगळं, कूलंटचं वेगळं, ब्रेक ऑइलची बाटली वेगळी, कारण कूलंट मिसळलेलं तेल पुन्हा शुद्ध करायला कटकटीचं होतं. पिपांभोवती वीतभर उंच सिमेंटची पाळ, वर पत्रा. फिल्टर काढला की त्याच्या डोक्यावर पंचने भोक पाडतात आणि रात्रभर लोखंडी जाळीवर उपडा टांगून ठेवतात. मी सकाळी लवकर गेले होते तेव्हा आठ-दहा फिल्टर तसे लटकलेले होते आणि एकाच्या कडेला थेंब तयार होत होता. गळेपर्यंत मी बघत राहिले. गोल, जड, निघायला तयार नसलेला थेंब. खालच्या परातीत रात्रभरातलं मिळून भांडंभर तेल साठलं होतं. बाकी ठिकाणी हे फिल्टरसकट उकिरड्यावर जातं.

पीपं जमिनीवर नाहीत, कमरेएवढ्या ओट्यावर आहेत आणि साखळीने बांधलेली आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहरभर घुसलं ते तुम्हाला आठवत असेल. पाणी ओसरल्यावर कित्येक सोसायट्यांच्या भिंतींवर तेलकट काळी रेघ राहिली होती. भरलेलं पीपही पाण्यावर तरंगतं, कारण तेल पाण्याहून हलकं. ओटा त्यानंतरचा. वडिलांच्या मते वायफळ खर्च.

आणि हातमोजे. पोरं नायट्राइलचे, म्हणजे तेल आत न शिरू देणाऱ्या रबराचे, मोजे घालून काम करतात. गॅरेजमधल्या पोरांच्या हातांकडे आपण कधी बघत नाही. नखांच्या कडांत बसलेलं काळं आयुष्यभर निघत नाही, मनगटापर्यंत कातडी भेगाळते, आणि हात धुवायला काय, तर पेट्रोल. इथे बेसिनवर हात धुण्याची पेस्ट आहे आणि पेट्रोलने हात धुतले तर मालक ओरडतो. मात्र मे महिन्याच्या दुपारी एक जण मोजे खिशात कोंबून काम करताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "बेन, अंदर पसीना पसीना हो जाता है." मालकाने हे मान्य केलं. पातळ सुती अस्तराचे मोजे आणून बघतो म्हणाला. हे अजून अर्धवटच आहे, आणि मी एक गुण इथेच कापते.

निवृत्तीच्या जरा आधी आमच्याकडे एक प्रशिक्षण झालं होतं. उद्योग आणि मानवाधिकार यांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, जॉन रगी यांच्या कामातून आलेली, त्यांच्याबद्दल. सरकारने संरक्षण करायचं, कंपनीने हक्कांचा मान राखायचा, आणि नुकसान झालंच तर दाद मिळाली पाहिजे. आम्ही मागच्या बाकावर बसून सामोसे खाल्ले, कारण आम्हाला वाटलं हे मोठ्या साहेबांचं. आता वाटतं, कंपनीची जबाबदारी तिच्या फाटकाशी संपत नाही हा त्यातला विचार सगळ्यात आधी गॅरेजला लागू पडतो. डब्यावर सर्वो लिहिलेलं असो की आणखी कुठलं नाव, ते तेल बनवणाऱ्या कंपनीने एकदा विकलं की हात झटकले, असंच आजवर चाललं होतं. १ एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' आली. विकलेल्या तेलाचा ठरावीक हिस्सा नोंदणीकृत रिसायकलरकडे शुद्ध झाल्याची प्रमाणपत्रं त्यांना दाखवावी लागतात. चांगलं झालं. जुनं तेल पुन्हा शुद्ध करण्यात फायदाही आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशोब असा, की साधारण २.४ लिटर वंगण तेल मिळवायला जमिनीतलं पिंपभर, म्हणजे १५९ लिटर, कच्चं तेल लागतं. तेवढंच वंगण पावणेचार लिटर जुन्या तेलातून निघतं.

पण प्रमाणपत्र लिटर मोजतं. ते लिटर कोणाच्या उघड्या हातांतून गेले, हे मोजत नाही. आणि कंपन्यांच्या त्या प्रमाणपत्रांतून या गॅरेजला काय मिळतं? मालकाने खांदे उडवले. म्हणजे कायद्याने जबाबदारी करोडोंच्या कंपनीवर टाकली आणि प्रत्यक्षात मोज्यांचे पैसे माझ्या नणंदेच्या बिलातून जातात. नणंदेचं भांडण खरं तर गॅरेजवाल्याशी नव्हतंच.

आता बोअरची गोष्ट, जिच्यामुळे माझं मत पक्कं झालं. गॅरेजला लागून एक जुनी सोसायटी आहे. तिथल्या बायका एक दिवस बादली घेऊनच आल्या. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग, वास येतोय, तुमचं ऑइल आमच्या बोअरमध्ये उतरलं. दुसरा कोणी असता तर आवाज चढला असता. याने गाड्या धुवायचा रॅम्प त्याच दिवशी बंद केला आणि मला फोन केला. "काकू, नमुना कसा घ्यायचा?" मी म्हटलं, प्लास्टिकची बाटली आणलीस तर बघ. तेल प्लास्टिकला चिकटून बसतं, त्यामुळे काचेचीच हवी, आणि पाणी सोसायटीच्या माणसांसमोर घ्यायचं. मी बादलीतल्या तवंगात काडी घातली. तेलाचा तवंग असेल तर काडी काढल्यावर तो फिरून पुन्हा जुळतो. हा काचेसारखा तडकला, तुकडे तुकडे झाले आणि तसेच वेगवेगळे तरंगत राहिले. तो लोहजिवाणूंचा पापुद्रा होता. लोह जास्त असलेल्या साचलेल्या पाण्यावर येतो. बायकांना सांगितलं तर एक जण म्हणाली, "तुम्ही त्याच्या बाजूच्या." बरोबरच होतं तिचं. माझ्या काडीवर त्यांनी का विश्वास ठेवावा? नमुना बाहेरच्या लॅबला गेला, पैसे गॅरेजने भरले, अहवाल आला. तेल नाही, लोह भरपूर. अहवालाची प्रत सोसायटीच्या फळ्यावर लावली. आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर त्या बोअरची तपासणी गॅरेजच्या खर्चाने करायची असं त्याने कागदावर लिहून दिलं. त्याची काही चूक निघालेली नसताना.

हे मला एवढं मोठं का वाटतं? नायजेरियातल्या ओगोनीलँडचा संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा २०११ चा अहवाल आमच्या लॅबमध्ये कोणीतरी छापून आणला होता. निसिसिओकेन ओगाले नावाच्या वस्तीतली कुटुंबं ज्या विहिरींचं पाणी पीत होती, त्यात बेंझीन हे कॅन्सरला कारण होणारं रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा ८ सेंटिमीटर जाड थर तरंगत होता. मी आयुष्यभर मिलिग्रॅम मोजले, इथे थर फूटपट्टीने मोजता येत होता! शेजारून जाणारी पाइपलाइन तिथल्या सरकारी तेल कंपनीची होती, आणि गळती सहाहून जास्त वर्षं आधीची असल्याचं लोक सांगत होते. त्याच भागात, नायजर नदीच्या मुखाकडे, बोडो हे गाव आहे. तिथे २००८ मध्ये शेलच्या पाइपलाइनमधून दोनदा तेल फुटलं, खाडीतली मासेमारी गेली, आणि साडेपाच कोटी पौंडांची तडजोड झाली २०१५ मध्ये, तीही लंडनमध्ये खटला भरल्यावर. आपल्याकडे आसामात बागजानला २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायू आणि तेल उसळलं, ९ जूनला आग लागली, हजारो माणसं छावण्यांत गेली, आणि विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. कंपनी सरकारी की खाजगी, देशी की परदेशी, याने विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला काय फरक पडतो? तिला दोनच गोष्टी हव्यात. पाण्यात काय आहे ते कोणीतरी खरं सांगावं, आणि विचारायला गेलं तर दार उघडावं.

आणि आपण बडोदेकरांनी लांबच्या गावाकडे बोट दाखवू नये. १९६५ पासून कोयलीची रिफायनरी आहे, मग खतांचे, पेट्रोकेमिकलचे कारखाने आले. शहर त्यावर उभं राहिलं, माझं घरही. या सगळ्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून एका बंदिस्त नाल्यातून पन्नासहून जास्त किलोमीटर लांब, जांबुसर तालुक्यात सरोदजवळ महीच्या मुखाशी सोडलं जातं. वाटेतल्या गावांतले शेतकरी हेच पाणी पंप लावून शेतात घेत आले, कारण दुसरं पाणी नव्हतं. सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये देशभरासाठी ठणकावलं, ते गुजरातच्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर. स्वच्छ पाणी-हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे तर त्याच न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलं होतं.

असो. गॅरेजकडे परत येते, कारण तक्रारीही आहेत. बसायला जागा नाही. एक बाक आहे, त्यावर वडील बसतात. काम सावकाश चालतं. ऑइल आणि सर्व्हिसिंग सोडून एसीचं किंवा डेंटिंगचं काम घेत नाही. दुचाकी सकाळीच घेतो, रविवारी बंद. फोन उचलेलच असं नाही. बोलणं तुटक. कारच्या तळाला जळकं तेल मारून मागितलंत तर सरळ नाही म्हणतो. त्याऐवजी रबराचं कोटिंग करून देतो, ते महाग आहे.

सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे गाड्या धुवायचा रॅम्प. तेल अडवायला तीन खणांची टाकी आहे. तेल वर येतं, पाणी खालून पुढच्या खणात जातं. पण पोरं शांपू सढळ हाताने वापरतात. साबण घातला की तेलाचे थेंब इतके बारीक होतात की ते वर येतच नाहीत, पाण्यात दुधासारखे मिसळून तिन्ही खण पार करतात आणि कांसात उतरतात. तिसऱ्या खणातलं पाणी मी काचेच्या ग्लासात धरून पाहिलं, गढूळ पांढरट होतं. १० मिलिग्रॅमच्या आत असेल यावर मी पैज लावणार नाही. त्याला सांगितलं. त्याने आधी वाद घातला, मग ग्लास उजेडात धरून बघितला, मग गप्प झाला. साबणाशिवाय नुसत्या दाबाच्या पाण्याने धुता येईल, किंवा चौथा खण आणि तुरटीचा डोस द्यावा लागेल. दिवाळीनंतर करतो म्हणालाय. वडिलांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे.

तोवर ऑइल बदलायला जरूर जा, निळी प्रत मागून बघा, हातमोजे खिशात दिसले तर त्या पोराला टोका. गाडी मात्र तिथे धुवून घेऊ नका. मी घरीच बादलीने धुते.